पायथनचा 'मेन' : कमांड-लाइन प्रोग्रॅम लिहिताना आणि तपासताना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

टीममध्ये नवीन येणाऱ्या प्रत्येकाला हीच उत्तरं तोंडी देऊन घसा बसला, म्हणून एकदाची लिहून काढली. कोडचे आयते तुकडे इथे नाहीत. नावं आपण शेजारी बसून बोलताना जशी उच्चारतो तशीच लिहिली आहेत. उदाहरण शेवटपर्यंत एकच : 'हिशोब' नावाचा छोटा प्रोग्रॅम. त्याला सोसायटीच्या मेंटेनन्सची सीएसव्ही फाइल द्यायची, '--महिना' सांगायचा, की तो थकबाकीदारांची यादी छापतो.

एंट्री पॉइंट म्हणजे 'इफ नेम इक्वल्स मेन' हीच ओळ ना?

ती त्यातली एक. प्रोग्रॅममध्ये शिरायला साधारण तीन दारं असतात. फाइल थेट चालवायची, 'पायथन -एम हिशोब' म्हणायचं, किंवा पिपने (पायथनची पॅकेजं बसवणारं साधन) इन्स्टॉल झाल्यावर मिळणारी 'हिशोब' ही सुटी कमांड वापरायची. फाइल थेट चालवली की पायथन त्या मॉड्यूलच्या डंडर-नेम (आगेमागे दोन-दोन अंडरस्कोर असलेलं 'नेम') या व्हेरिएबलमध्ये 'डंडर-मेन' ही स्ट्रिंग ठेवतो. तेच मॉड्यूल दुसऱ्या कुणी इम्पोर्ट केलं तर तिथे मॉड्यूलचं खरं नाव असतं. ती प्रसिद्ध ओळ एवढंच तपासते.

सुटी कमांड मात्र तुमचं मॉड्यूल इम्पोर्ट करते आणि मग फंक्शन बोलावते. तिच्या दृष्टीने ती 'इफ'ची ओळ खोटी ठरते, आतलं काहीच चालत नाही. त्या ओळीखाली वीस ओळींचा कारभार थाटणारे इथेच फसतात : फाइल म्हणून चालवलं तर सगळं ठीक, कमांड म्हणून चालवलं तर अर्धी तयारी गायब. 'इफ'खाली एकच ओळ असावी : 'सिस.एक्झिट(मेन())'. बाकी सगळं 'मेन'च्या आत.

सी किंवा जावासारखं आपोआप चालणारं 'मेन' पायथनमध्ये का नाही, असं काहींना वाटतं. तसा प्रस्ताव २००२ मध्ये आला होता, पेप २९९ (पेप म्हणजे पायथनमधल्या बदलाचा अधिकृत प्रस्ताव). तो नाकारला गेला.

ती ओळ लिहिलीच नाही तर काय बिघडतं? माझी स्क्रिप्ट एकाच फाइलची आहे.

ती फाइल कुणी इम्पोर्ट करेपर्यंत काही नाही. आणि पहिली टेस्ट लिहिलीत की टेस्ट चालवणारं पायटेस्ट त्या फाइलला इम्पोर्ट करणारच. एका सहकाऱ्याच्या स्क्रिप्टमध्ये मेल पाठवणारी ओळ मोकळ्यावर होती. टेस्ट चालायच्या आधी, नुसत्या गोळा होत असतानाच मेल गेले.

मल्टिप्रोसेसिंग (काम अनेक प्रोसेसमध्ये वाटणारं मॉड्यूल) वापरत असाल तर हा शिष्टाचाराचा प्रश्न उरत नाही, गरज होते. विंडोजवर प्रत्येक नवी प्रोसेस तुमची मुख्य फाइल पुन्हा इम्पोर्ट करते. मॅकवर पायथन ३.८ पासून हेच डीफॉल्ट आहे. लिनक्सवर वर्षानुवर्षं 'फोर्क' (चालू प्रोसेसचीच थेट प्रत) असल्यामुळे चूक झाकली जायची, पण ३.१४ पासून तिथेही डीफॉल्ट 'फोर्कसर्व्हर' झाला. 'माझ्या मशीनवर चालतं' म्हणायची सोय आता तिथेही गेली.

'मेन' फंक्शन दिसायला कसं असावं?

एक पॅरामीटर, एक आकडा. पॅरामीटर 'आर्गव्ही', डीफॉल्ट 'नन'. परत काय द्यायचं, तर पूर्णांक. ही घडी जुनी आहे : पायथनचे जनक गुईदो व्हान रोसम यांनीच २००३ मध्ये तिची शिफारस केली होती, आणि तिच्यापेक्षा चांगलं मला अजून काही सापडलेलं नाही.

डीफॉल्ट 'नन' का, हे नीट समजून घ्या, कारण नवखे इथे हमखास 'आर्गव्ही = सिस.आर्गव्ही[१:]' असं थेट लिहितात. डीफॉल्टची किंमत फंक्शन घडवलं जातं तेव्हा एकदाच ठरते, बोलावताना नाही. मॉड्यूल इम्पोर्ट झालं त्या क्षणी 'सिस.आर्गव्ही'मधून जी यादी कापून घेतली ती तिथेच गोठते. टेस्टमध्ये नंतर 'सिस.आर्गव्ही' कितीही बदललं तरी फंक्शन जुन्याच यादीला धरून बसतं. 'नन' ठेवलं आणि तो तसाच आर्गपार्सच्या (कमांड-लाइनची आर्ग्युमेंट वाचणारं मॉड्यूल) 'पार्स_आर्ग्स'कडे पुढे ढकलला, की आर्गपार्स त्या वेळची खरी यादी स्वतः उचलतो आणि पहिला घटक, म्हणजे प्रोग्रॅमचं नाव, वगळतो.

मेनच्या पोटात काय? आर्ग्युमेंट वाचणं, खऱ्या कामाचं फंक्शन बोलावणं, आणि अपेक्षित चुकांचं रूपांतर एका समजेलशा वाक्यात आणि एका आकड्यात करणं. हिशोब करणं त्याचं काम नाही. 'थकबाकी_काढ' या फंक्शनला नोंदींची यादी आणि महिना द्यावा, त्याने यादी परत द्यावी. त्याला आर्गपार्स म्हणजे काय हे ठाऊक नसावं, त्याने प्रिंट करू नये आणि 'सिस.एक्झिट' तर चुकूनही बोलावू नये. माझ्याकडे कोड रिव्ह्यूला आला आणि कामाच्या फंक्शनमध्ये 'सिस.एक्झिट' दिसलं, की मी पुढचं वाचत नाही.

आकडा परत दिला काय, न दिला काय, फरक पडतो का?

पडतो. माणूस स्क्रीन वाचतो, क्रॉन (ठरल्या वेळी कामं चालवणारा) आणि सीआय (टेस्ट आपोआप चालवणारी यंत्रणा) आकडा वाचतात. शून्य म्हणजे काम झालं, शून्य सोडून काहीही म्हणजे फसलं.

'सिस.एक्झिट'ला तुम्ही काय देता त्यावर ठरतं. 'नन' दिलं तर शून्य. पूर्णांक दिला तर तोच. तिसरं काहीही, स्ट्रिंग, लिस्ट, डिक्शनरी, दिलं तर ते एरर-आउटपुटवर छापलं जातं आणि कोड १ जातो. म्हणजे मेनने निष्पापपणे 'काम झालं' ही स्ट्रिंग परत दिली तर बाहेरच्या जगासाठी प्रोग्रॅम फसला. बूलियनची गंमत आणखी उलटी. पायथनमध्ये बूलियन हाही पूर्णांकच, त्यामुळे यश म्हणून 'ट्रू' परत दिलं की कोड १, म्हणजे अपयश. आणि 'फॉल्स' दिलं की ० म्हणजे यश! त्यात लिनक्स आणि मॅकवर कोड ० ते २५५ एवढाच मावतो. चुका मोजून तोच आकडा परत देणाऱ्या प्रोग्रॅमला बरोबर २५६ चुका सापडल्या तर तो शून्य देऊन मोकळा होतो.

माझी स्वतःची चूक सांगतो. रात्री चालणारं एक काम होतं. मेनमध्ये सगळ्याला कवेत घेणारा 'एक्सेप्ट एक्सेप्शन', त्यात चूक प्रिंट करायची, आणि पुढे काही नाही. काही नाही म्हणजे 'नन', 'नन' म्हणजे शून्य. फाइलचा रस्ता बदलला होता, काम रोज फसत होतं आणि मॉनिटरिंगवर रोज हिरवा ठिपका. महिनाअखेरीस आकडे जुळेनात तेव्हा कळलं. तेव्हापासून मेनच्या टेस्टमध्ये माझी पहिली ओळ नेहमी परतीच्या आकड्याची असते.

कोणता आकडा कशासाठी? ० यश, १ काम करताना चूक, २ वापरणाऱ्याने आर्ग्युमेंट चुकीचे दिले. आर्गपार्स आणि क्लिक (त्याच कामाची दुसरी लायब्ररी) दोघेही २ हाच पाळतात. यापेक्षा बारीक वर्गवारी करावी असं मला क्वचितच वाटलं.

नुसतं 'हिशोब' टाइप केल्यावर चालावं यासाठी काय करायचं?

पायप्रोजेक्ट-टॉमल फाइलमध्ये 'प्रोजेक्ट.स्क्रिप्ट्स' असा भाग करायचा आणि एक ओळ लिहायची : डावीकडे कमांडचं नाव, उजवीकडे मॉड्यूलचा रस्ता, कोलन, फंक्शनचं नाव. 'हिशोब.क्ली:मेन' असं. हा भाग पेप ६२१ मुळे सगळ्यांसाठी सारखा झाला. सेटअपटूल्स (पॅकेज बांधणारं साधन) ६१ पासून, म्हणजे २०२२ पासून, तो वाचतं. जुन्या प्रकल्पात सेटअप-पाय फाइलमध्ये 'कन्सोल_स्क्रिप्ट्स' दिसेल. तेच ते, कपडे बदललेले.

इन्स्टॉल करताना पिप एक चिमुकली फाइल बनवतं : लिनक्स-मॅकवर 'बिन' फोल्डरमध्ये, विंडोजवर 'स्क्रिप्ट्स' फोल्डरमध्ये एक्सई म्हणून. उघडून बघाच, लिनक्सवर ती साधी मजकुराची आहे. मेन इम्पोर्ट करते, आर्ग्युमेंटशिवाय बोलावते, आणि जे परत येईल ते 'सिस.एक्झिट'ला देते. मेन रिकाम्या हाताने बोलावता यायला हवं ते यासाठी, आणि आकडा परत द्यायला हवा तोही यासाठी.

लिहिलं सगळं बरोबर, तरी 'कमांड नॉट फाउंड'.

क्रमाने बघा. व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट (प्रकल्पापुरता वेगळा पायथन) चालू आहे का? बहुतेकदा इथेच मिटतं. कमांडचं नाव किंवा फंक्शनचा रस्ता नुकताच बदललात का? एडिटेबल इन्स्टॉल (तुमच्या फोल्डरातला कोड थेट वापरणारं) असलं तरी त्या बदलासाठी पुन्हा इन्स्टॉल करावं लागतं. कोडमधला बदल लगेच दिसतो, कमांडच्या नावातला दिसत नाही. यूव्ही (प्रकल्प आणि पॅकेजं सांभाळणारं साधन) वापरता आणि पायप्रोजेक्टमध्ये बिल्ड-सिस्टिमचा भागच नाही? मग तुमचा प्रकल्प पॅकेज म्हणून इन्स्टॉलच होत नाही, कमांड येणार कुठून. यूझर-इन्स्टॉल केलं असेल तर घरच्या फोल्डरातल्या '.लोकल/बिन'चा रस्ता पाथमध्ये (शेल जिथे कमांड शोधतो त्या फोल्डरांच्या यादीत) हवा.

डेबियन १२ किंवा नव्या उबुंटूवर पिप 'एक्स्टर्नली मॅनेज्ड' म्हणून अडवत असेल तर तो नियम मोडायचे फ्लॅग शोधू नका. पिपएक्स किंवा 'यूव्ही टूल' वापरा.

'पायथन -एम हिशोब' कशाला ठेवायचं मग?

कोणता पायथन चालतोय हे नक्की माहीत असतं म्हणून. मशीनवर चार पायथन नांदत असतील तर पाथमधली 'हिशोब' कमांड कुणाची, सांगता येत नाही. -एमला तो गोंधळ नाही. पॅकेजमध्ये डंडर-मेन नावाची फाइल ठेवायची, त्यात मेन इम्पोर्ट करून 'सिस.एक्झिट(मेन())' लिहायचं, संपलं. त्या फाइलमध्ये बाकी काही ठेवू नका. तिथे क्लास लिहिले आणि दुसऱ्या मॉड्यूलने ते इम्पोर्ट केले तर एकाच फाइलच्या दोन प्रती मेमरीत येतात, एक 'डंडर-मेन' नावाने आणि एक खऱ्या नावाने. मग 'आयझइन्स्टन्स' खोटं का म्हणतंय यावर अख्खी दुपार जाते.

आर्गपार्स, क्लिक की टायपर?

तीन-चार ऑप्शन असतील तर आर्गपार्स. पायथनसोबतच येतं, २.७ आणि ३.२ पासून. कमांडच्या पोटात कमांड, प्रश्न विचारणं, रंग, प्रोग्रेस बार असा संसार असेल तर क्लिक. टाइप हिंटवर प्रेम असेल तर क्लिकच्याच कल्पनांवर उभा असलेला टायपर. यावर वाद घालणाऱ्यांनी तो वेळ टेस्ट लिहिण्यात घालवावा.

आर्गपार्सचे दोन खड्डे तेवढे सांगतो. '--दंड फॉल्स' असं चालावं म्हणून 'टाइप = बूल' लिहिलं तर 'फॉल्स' ही रिकामी नसलेली स्ट्रिंग असल्यामुळे उत्तर 'ट्रू' येतं. त्यासाठी 'स्टोअर_ट्रू' किंवा ३.९ पासूनचं 'बूलियनऑप्शनलॅक्शन' वापरा. दुसरं, आर्गपार्स ऑप्शनचं अर्धवट नाव स्वीकारतं. '--महि' लिहिलं तरी '--महिना' समजतं. उद्या तुम्ही '--महिला-सदस्य' असा ऑप्शन वाढवलात, की कुणाच्या तरी क्रॉनमधलं '--महि' संदिग्ध ठरून फसतं. 'अलाव_अब्रेव्ह' फॉल्स ठेवा.

टेस्ट नक्की कशाची लिहायची? कमांड चालवून आउटपुट ताडायचं?

हा खरा प्रश्न. कमांड चालवून बघणं ही सर्वांत खात्रीची टेस्ट आहे, आणि सर्वांत महागडीही. प्रत्येक वेळी नवा पायथन उठतो, सगळं इम्पोर्ट करतो, आणि फसलं तर तुम्हाला फक्त एक आकडा आणि मजकुराचा ढिगारा मिळतो. शंभर टेस्ट अशा लिहिल्या की लोक टेस्ट चालवायचं सोडून देतात.

मी तीन थर करतो. सगळ्यांत जास्त टेस्ट 'थकबाकी_काढ'च्या : जादा पैसे भरलेला फ्लॅट, एकही नोंद नसलेला महिना, रकमेत स्वल्पविराम. यात कमांड-लाइनचा संबंधच नाही. मग मेनच्या आठ-दहा टेस्ट : 'मेन(["जून.सीएसव्ही", "--महिना", "जून"])' असं साधं फंक्शन म्हणून बोलावायचं, परतीचा आकडा बघायचा, काय छापलं ते बघायचं. फाइल पायटेस्टच्या 'टीएमपी_पाथ'मध्ये तयार करायची, म्हणजे टेस्ट संपल्यावर तुमच्या फोल्डरात कचरा नाही. आणि शेवटी एक, फार तर दोन टेस्ट खऱ्या दारातून, वेगळ्या प्रोसेसमध्ये.

मेनला यादी देता येत नसेल, म्हणजे जुना कोड असेल, तर 'मंकीपॅच'ने (टेस्टपुरता बदल करणारी पायटेस्टची सोय) 'सिस.आर्गव्ही' बदला. पहिला घटक प्रोग्रॅमचं नाव असतो हे विसरू नका, नाहीतर तुमच्या फाइलचं नाव प्रोग्रॅमचं नाव म्हणून गिळलं जाईल. आणि टेस्टमध्ये मेन रिकामं बोलावू नका. पायटेस्टची स्वतःची आर्ग्युमेंट तुमच्या पार्सरकडे जातात. एकदा अशी टेस्ट पाहिली होती जी नुसत्या 'पायटेस्ट'ने पास व्हायची आणि '-व्ही' लावलं की पडायची. दोन जण त्यात तासभर गुंतले होते.

चुकीचं आर्ग्युमेंट दिलं की आर्गपार्स टेस्टच बंद पाडतं.

बंद पाडत नाही, 'सिस्टिमएक्झिट' हा एक्सेप्शन फेकतं. तो 'एक्सेप्शन' या वर्गाचा वंशज नाही, थेट 'बेसएक्सेप्शन'चा आहे. म्हणून 'एक्सेप्ट एक्सेप्शन' त्याला पकडत नाही, ते योग्यच. उघडा-बोडका 'एक्सेप्ट' मात्र पकडतो आणि प्रोग्रॅमला बाहेर पडू देत नाही. तो लिहू नका.

टेस्टमध्ये 'पायटेस्ट.रेझेस(सिस्टिमएक्झिट)' वापरा आणि पकडलेल्या वस्तूच्या 'व्हॅल्यू.कोड'मध्ये २ आहे का बघा. ही तपासणी 'विथ'च्या बाहेर लिहा. आत, फसणाऱ्या ओळीच्या खाली लिहिली तर ती कधीच चालत नाही आणि टेस्ट मात्र हिरवी राहते. आणखी एक : कोडमध्ये 'सिस.एक्झिट("फाइल नाही")' असेल तर टेस्टमध्ये कोड म्हणून १ नाही, ती स्ट्रिंगच मिळते. १ हा आकडा प्रोसेस खरोखर संपताना ठरतो.

छापलेला मजकूर कसा पकडायचा?

पायटेस्टचं 'कॅपसिस'. 'रीडआउटएरर' बोलावलं की आउट आणि एरर वेगवेगळे मिळतात. वाचलं की रिकामे होतात, म्हणून एकदाच वाचून व्हेरिएबलमध्ये ठेवा. मेनच्या आतून दुसरी प्रोसेस सुरू होत असेल तर तिचं आउटपुट कॅपसिसला दिसत नाही, 'कॅपएफडी' घ्या.

दोन्ही वेगळे तपासायला लागलात की एक चांगली सवय आपोआप लागते : माहिती स्टँडर्ड आउटपुटवर, तक्रारी आणि 'फाइल वाचतोय...' छाप गप्पा एररवर. थकबाकीची यादी फाइलमध्ये वळवली आणि तिच्या पहिल्या ओळीत 'नमस्कार, हिशोब सुरू करत आहे' निघालं, की कुठल्याही खजिनदाराचं डोकं फिरेल.

खऱ्या दारातून जाणारी टेस्ट कशी?

'सबप्रोसेस.रन' आणि यादीचा पहिला घटक 'सिस.एक्झिक्यूटेबल'. नुसतं 'पायथन' लिहिलं तर पाथमधला कुठला तरी उठेल, ज्यात तुमचं पॅकेज नसेलही. पुढे '-एम', 'हिशोब' आणि आर्ग्युमेंट. 'कॅप्चर_आउटपुट' ट्रू, एन्कोडिंग स्पष्टपणे यूटीएफ-८, आणि टाइमआउट द्या, नाहीतर इनपुटची वाट बघत अडकलेला प्रोग्रॅम सीआयला तासभर धरून ठेवतो.

कव्हरेजचा (टेस्टमध्ये कोडच्या किती ओळी चालल्या त्याचा) आकडा यामुळे वाढत नाही म्हणून घाबरू नका. कव्हरेज सहसा दुसऱ्या प्रोसेसमध्ये मोजत नाही, त्यासाठी वेगळी सेटिंग लागते. मी ती लावत नाही. तो कोड मेनच्या टेस्टनी मोजलेला असतोच.

टॉमलमधली ओळ बरोबर टाइप केली आहे का, हे प्रोसेस न उठवताही तपासता येतं. 'इम्पोर्टलिब.मेटाडेटा'च्या 'एंट्री_पॉइंट्स'ला ग्रुप म्हणून 'कन्सोल_स्क्रिप्ट्स' द्या (असं थेट ग्रुप देणं ३.१० पासून), 'हिशोब' नावाची नोंद शोधा आणि 'लोड' करा. नाव चुकलं असेल तर इथेच कळतं. चार ओळींची टेस्ट आहे, पण रिलीजच्या दिवशी नाक वाचवते.

'--हेल्प'चा मजकूर शब्दशः ताडून बघावा का?

नको. ३.१० मध्ये 'ऑप्शनल आर्ग्युमेंट्स' हे शीर्षक नुसतं 'ऑप्शन्स' झालं आणि जगभर टेस्ट पडल्या. ३.१३ मध्ये छोट्या-मोठ्या ऑप्शनची मांडणी बदलली. ३.१४ मध्ये हेल्प रंगीत झाली. सीआयवर कुणी 'फोर्स_कलर' लावलं असेल तर मजकुरात रंगांचे न दिसणारे कोड येतात. टर्मिनलच्या रुंदीप्रमाणे ओळी तुटतात ते वेगळंच. कोड शून्य आहे आणि '--महिना' कुठेतरी लिहिलेलं आहे, इतकं बघून पुढे जा. वापराच्या ओळीत प्रोग्रॅमचं नाव भलतंच दिसू नये म्हणून पार्सरला 'प्रॉग' मात्र स्वतः द्या.

क्लिकमध्ये हे सगळं सीएलआय-रनर करतो ना?

करतो, आणि छान करतो. 'इन्व्होक' केलं की एक्झिट-कोड आणि आउटपुट हातात. पण तो डीफॉल्टने तुमच्या कोडमधले सगळे एक्सेप्शन गिळतो आणि कोड १ दाखवतो. समजा तुम्ही टेस्ट लिहिली की फाइल नसेल तर कोड १ यावा. कोडमध्ये कुठेतरी व्हेरिएबलचं नाव चुकलं आणि 'नेमएरर' आला, तरी कोड १ येतो आणि टेस्ट पास! म्हणून एक तर 'कॅच_एक्सेप्शन्स' फॉल्स द्या, नाहीतर आकड्यासोबत चूक सांगणारं वाक्यही तपासा.

शिवाय क्लिकच्या कमांड फंक्शनमधून परत दिलेला आकडा नेहमीच्या पद्धतीत एक्झिट-कोड होत नाही. आर्गपार्सवरून क्लिकवर आलेले लोक 'रिटर्न १' लिहितात आणि शून्य पाहून चक्रावतात. तिथे कॉन्टेक्स्टचं 'एक्झिट' वापरा किंवा 'क्लिकएक्सेप्शन' फेका.

प्रोग्रॅम मध्येच 'खात्री आहे का?' विचारतो. टेस्टमध्ये उत्तर कोण देणार?

'सिस.एसटीडीइन'च्या जागी मंकीपॅचने 'स्ट्रिंगआयओ' बसवा, त्यात 'हो' आणि नवी ओळ. न बसवता चालवलं तर पायटेस्ट आउटपुट पकडलेलं असताना इनपुट वाचू देत नाही, चूक फेकतं. आणि '--होच' सारखा ऑप्शनही ठेवा. क्रॉनला बोटं नसतात.

कंट्रोल-सी दाबलं किंवा 'हेड'मध्ये पाइप केलं की ट्रेसबॅकचा पूर येतो.

'कीबोर्डइंटरप्ट' मेनमध्ये पकडून १३० परत द्या. १२८ अधिक सिग्नल क्रमांक २, असा शेलचा रिवाज आहे. 'हेड'ची गोष्ट वेगळी : त्याने दहा ओळी वाचून पाइप बंद केला, तुम्ही अकरावी लिहायला गेलात, 'ब्रोकनपाइपएरर'. तो पकडून आउटपुट डेव्ह-नलकडे (जिथे लिहिलेलं नाहीसं होतं) वळवायचं, नाहीतर बाहेर पडताना पायथन उरलेलं लिहायचा पुन्हा प्रयत्न करतो. पायथनच्या अधिकृत डॉक्युमेंटेशनमध्ये ही कृती तयार आहे, तीच उचला.

'--हेल्प' यायला तीन सेकंद लागतात.

फाइलच्या वरच पांडाज (डेटा हाताळणारी जड लायब्ररी) इम्पोर्ट केलं असणार. 'पायथन -एक्स इम्पोर्टटाइम' चालवा, कोण किती वेळ खातंय ते दिसेल. जड इम्पोर्ट कामाच्या फंक्शनच्या आत न्या. शैलीचे नियम सांगणारे ओरडतील, ओरडू द्या.

मराठी नावं विंडोजवर छापताना 'युनिकोडएन्कोडएरर' येतो. स्क्रीनवर तर नीट दिसतात!

स्क्रीनवर दिसतात कारण ३.६ पासून विंडोजच्या कन्सोलशी पायथन युनिकोडमध्येच बोलतो. आउटपुट फाइलमध्ये किंवा पाइपमध्ये वळवलं, की तो मशीनच्या जुन्या कोड-पेजवर जातो, बहुधा १२५२, ज्यात देवनागरीचं एकही अक्षर नाही. मेनच्या सुरुवातीला 'सिस.एसटीडीआउट.रीकॉन्फिगर' करून यूटीएफ-८ करा, किंवा 'पायथनयूटीएफ८' हे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल १ करा. ३.१५ पासून यूटीएफ-८ हाच डीफॉल्ट ठरला आहे. खऱ्या दाराच्या टेस्टमध्ये एक तरी नाव देवनागरीत ठेवा. कॅपसिसच्या टेस्टमध्ये हा दोष सापडतच नाही, कारण तिथे मजकूर मशीनच्या कोड-पेजकडे न जाता यूटीएफ-८ मध्येच पकडला जातो.

याचा चुलतभाऊ म्हणजे एक्सेलने 'सीएसव्ही यूटीएफ-८' म्हणून सेव्ह केलेली फाइल. तिच्या सुरुवातीला न दिसणारं बॉम चिन्ह असतं, ते पहिल्या कॉलमच्या नावाला चिकटतं आणि 'फ्लॅट' नावाचा कॉलम डोळ्यांना दिसत असून सापडत नाही. वाचताना एन्कोडिंग 'यूटीएफ-८-सिग' द्या, बॉम असो वा नसो चालतं.

आणि कॉलम सरळ रेषेत येत नाहीत अशी तक्रार असेल तर कारण हे : 'मराठी'ची लांबी पायथन ५ सांगतो, कारण काना आणि वेलांटी तो सुट्या मोजतो. डोळ्यांना अक्षरं तीनच. जागा भरून ओळ साधायच्या भानगडीत न पडता टॅब टाका किंवा सीएसव्हीच छापा.

वापरणाऱ्याने '--वर्ष २०२४' असं देवनागरी आकड्यांत दिलं तर?

'टाइप = इंट' असेल तर चालतं. पायथनचं 'इंट' देवनागरी आकडे ओळखतं, 'फ्लोट'सुद्धा. पण टाइप न देता 'चॉइसेस'मध्ये इंग्रजी आकड्यांच्या स्ट्रिंग लिहिल्या असतील तर कोड २ येईल. याची टेस्ट आमच्याकडे आहे. सोसायटीच्या एका आजोबांच्या कीबोर्डमुळे लिहावी लागली.